तीनशे अकरा नंबरचा दगड

तालुक्याच्या कॉलेजात मी इतिहास शिकवतो. म्हणजे ज्यांना दुसरीकडं कुठं प्रवेश मिळाला नाही त्यांची हजेरी घेतो. दोन वर्षांपूर्वी कॉलेजची एक खोली रिकामी झाली आणि नेमकी तेव्हाच तपासणीची समिती यायची होती. रिकामी खोली दाखवण्यापेक्षा आदिमानवाची दगडी हत्यारं दाखवलेली बरी, असं प्राचार्यांच्या मनात आलं. वैनगंगेकाठच्या एका गावात एका निवृत्त लाइनमनकडं चारशेच्या वर दगड आहेत आणि तो ते तसेच द्यायला तयार आहे, अशी बातमी त्यांना कुठून तरी लागली होती. फुकट ते पौष्टिक, हा आमच्या संस्थेचा मूळ मंत्र. “अश्विन सर, तुम्ही जाऊन मोजून, यादी करून आणा,” ते म्हणाले. मी मनातल्या मनात चार शब्द बोललो आणि मोटरसायकल काढली.

जानेवारीचे दिवस होते. धान निघून गेलेल्या बांध्यांत लाखोळीचं कडधान्य उभं होतं. लहानूभाऊ बोरकुटे यांचं घर गावाच्या नदीकडच्या टोकाला, दोन खोल्यांचं, पुढं कौलारू सपरी, म्हणजे पडवी. माणूस अडुसष्टचा, काटक. डाव्या हाताची दोन बोटं विजेच्या झटक्यानं आखडलेली. मी नाव सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडं पाहण्याआधी माझ्या चपलांकडं पाहिलं. पुढं कळलं की ते कोणाकडंही असंच पाहतात. लाइनमन म्हणजे वर तारांकडं पाहत चालणारा माणूस. हे तीस वर्षं जमिनीकडं पाहत चालले. ते विजेच्या तारेवरून पडले कसे नाहीत, याचं मला आजही नवल वाटतं.

आतल्या खोलीत भिंतीला लागून फळ्या होत्या आणि फळ्यांवर पुठ्ठ्याची खोकी. विजेचे मीटर ज्या खोक्यांत येतात, ती. प्रत्येकावर नंबर. आत सावरीचा कापूस आणि कापसात दगड. मी गोटे पाहायला आलो होतो, पण चौथं खोकं उघडलं आणि ते उजेडाकडं धरलं. मुठीएवढा दगड, दोन्ही बाजूंनी टवके काढून धार आणलेली. पुस्तकात ज्याला हातकुऱ्हाड म्हणतात, ती होती. असा दगड मी पंधरा वर्षं फळ्यावर काढून दाखवत होतो आणि हातात पहिल्यांदा घेत होतो.

“तुम्हाला कसं कळलं हे हत्यार आहे म्हणून?” मी विचारलं.

“नव्वदच्या आगंमागं युनिव्हर्सिटीची मंडळी आली होती नदीवर. तंबूत लाइट द्याले मी गेल्तो. एका सरानं शिकवलं. आपोआप फुटलेला दगड कसा दिसते आन कोनी मुद्दाम फोडलेला कसा दिसते. पंधरा दिवसाचं शिक्षन माहं. मंग खांबाचा खड्डा खनला का खाली मुरूम-गोटे निंगत, त्यात पाहाचो.”

नोंदवही विजेच्या खात्याची जुनी होती, उभ्या रेघांची. नंबर, तारीख, किती फूट खोल, कोणाला सापडला, शेरा. आणि ‘जागा’ या रकान्यात: खांब नंबर सत्तेचाळीस, दक्षिणेला अकरा पावलं. खांब नंबर एकशे दोन, खड्ड्यात. मला हसू फुटलं. जगाच्या पाठीवर कोणत्याही संग्रहात दगडाचा पत्ता विजेच्या खांबावरून दिलेला नसेल. लहानूभाऊंनी चहा दिला, टॉर्च घेतला आणि मला शेतातून सत्तेचाळीस नंबरच्या खांबाशी नेलं. खांब जागेवर होता. अकरा पावलांवर बांध तुटला होता आणि तुटलेल्या कडेत तोच मुरूम, तेच गोटे दिसत होते. माझं हसू तिथं जिरलं. मोठमोठ्या संग्रहांतल्या दगडांवर नुसतं जिल्ह्याचं नाव असतं, आणि या माणसानं पावलं मोजून ठेवली होती.

पुढचे आठ-दहा दिवस मी रोज दुपारी जात होतो. आपल्या मनानं गेलो, प्राचार्यांच्या मनानं नाही.

नोंदवहीतला सगळ्यात गमतीचा रकाना शेऱ्याचा होता. तो लहानूभाऊंच्या अक्षरात होता, पण बोलणं त्यांच्या बायकोचं. सुगंधाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या दगड धुवायच्या आणि धुता धुता जे बोलायच्या ते हे लिहून घ्यायचे. ‘क्र. ५२. सुगंधा म्हणते, हा बाईच्या हातचा आहे, गड्याच्या मुठीत बसत नाही.’ ‘क्र. ८८. सुगंधानं ह्यानं मासोळी साफ केली. मी रागावलो. ती म्हणते, विळ्यापेक्षा बरा. धार अजून आहे.’ ‘क्र. १६०. सुगंधा म्हणते, शिकार गडी करत असतील, पण कापायचं कोणी? म्हणून चाकू सगळे बायांचे.’ मी हे वाचून मोठ्यानं हसलो. मग थोडा विचार केला आणि हसणं थांबवलं, कारण बाईचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडं काही नव्हतं.

तीनशे दहाच्या पुढं शेऱ्याचा रकाना कोरा होता. चारशे छत्तीसपर्यंत कोरा. मी विचारलं नाही. दारावरच्या फोटोला हार होता, तारीख फेब्रुवारी २०१९ ची होती.

घरात ते एकटेच राहत. एकुलता मुलगा प्रफुल बुटीबोरीला कारखान्यात. तो दर रविवारी संध्याकाळी सातला फोन करायचा. पाच वर्षांत एकदाही चुकला नाही आणि पाच वर्षांत एकदाही घरी आला नाही. हे गावातल्या चहावाल्यानं मला सांगितलं. लहानूभाऊ स्वतःबद्दल बोलत नसत. गावातली माणसं बरी होती, पण त्यांच्याशी बोलायचं काय? खताच्या गोष्टीत यांना गोडी नाही आणि दगडाच्या गोष्टीत गावाला नाही. दिवसाकाठी ते दहा वाक्यं बोलत असतील, त्यातली आठ त्या दिवसांत माझ्याशी होती.

यादी जुळवताना दोन ठिकाणी अडलो. सदतीस नंबरच्या नोंदीवर रेघ मारून ‘रद्द’ लिहिलं होतं. असेल बाबा, चुकून ठेवलेला साधा गोटा. पण तीनशे अकराचं खोकं रिकामं होतं. कापूस होता, त्यात दगडाच्या आकाराचा खळगा होता, दगड नव्हता. नोंद अशी: ‘क्र. ३११. हातकुऱ्हाड. लांबी सव्वासहा इंच. कोणाला सापडला: गुणवंतराव.’ जागा कोरी. ज्या माणसानं चारशे पस्तीस दगडांची पावलं मोजली, त्यानं एकाची जागा कोरी सोडली होती.

“हा कुठी आहे, लहानूभाऊ?”

“आहे,” ते म्हणाले आणि चहाचे कप उचलून आत गेले.

मला शोधावा लागला नाही. सपरीत, दाराच्या उजव्या हाताला एक कोनाडा होता. तिथं विझलेली पणती, पाण्याचा पेला आणि पांढऱ्या फडक्यात अर्धवट गुंडाळलेलं काहीतरी मी रोज पाहत होतो. देव असेल म्हणून सोडून देत होतो. त्या दिवशी फडकं बाजूला केलं. तेलानं काळा पडलेला दगड. पण काय घडवला होता. दोन्ही बाजू सारख्या, टोक अजून शाबूत, अंगठा ठेवायला एक खोलगट जागा. बाकीचे सगळे एका पारड्यात टाका आणि हा एक दुसऱ्या पारड्यात. मी उचलायला हात घातला.

“हात नोका लावू, सर,” मागून आवाज आला.

मी चिडलो. म्हणालो, संग्रह द्यायचा तर पूर्ण द्या, हत्यारं जगाची असतात, देव करून तेल कसलं चोपडता. सांगायचं ते सगळं सांगितलं. माझ्या आजोबांनी १९५६ नंतर घरातले देव नदीत सोडले, तेव्हापासून आमच्या घरात कोनाड्याला कोनाडाच म्हणतात. हेही ऐकवलं. लहानूभाऊ खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, “आज तुमी जा. उद्या सांगतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं. मी त्यांना मध्ये टोकलं नाही, हे माझ्या स्वभावाला धरून नव्हतं.

सुगंधाबाईंना ताप भरला तो माघ महिन्यात. छाती भरून आली. प्रफुल फोनवर म्हणाला, मी गाडी घेऊन येतो, आपण आईला नागपूरला नेऊ. उद्या येतो म्हणाला. उद्याचा परवा झाला, कारखान्यात सुट्टी मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन पोचला तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

“इथून गाडी मले पन करता आली असती, सर. मी बी वाट पाहत बसलो. पन उशीर लागला त्याच्या नावावर.”

घाटावर नेलं. प्रफुलनं खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेला फेरे घातले. फेऱ्यागणिक मागच्या माणसानं दगडानं मडक्याला भोक पाडायचं असतं. ते काम सुगंधाबाईंचे भाऊ गुणवंतराव यांच्याकडं आलं. त्यांनी पायाजवळचा, हाताला लागला तो चिखलानं भरलेला गोटा उचलला. या दगडाला पुढं फार मान असतो. तो जीवखडा. मेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्यात राहतो, असं मानतात. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवला की तो दगड नदीत सोडायचा, म्हणजे जीव सुटला.

“तिसऱ्या फेऱ्याले मडकं फुटलं. सारं पानी त्या दगडावर सांडलं आन तो धुतल्या गेला. मी समोरच होतो. मले दिसलं, सर. हे आपोआप फुटलेलं नाई. तीस वर्षांत असा दगड पाहिला नवता मी. प्रफुल तोंडावर हात मारून रडून राह्यला, तिची चिता पेटली, आन माहा डोळा दगडावर.”

त्यांनी हे माझ्याकडं न पाहता सांगितलं. मीही दुसरीकडंच पाहत होतो.

कफनाच्या तुकड्यात बांधलेला जीवखडा सपरीतल्या कोनाड्यात ठेवला. रोज पणती, रोज पाणी. दहा दिवस लहानूभाऊ तिथंच बसून राहिले. लोकांना वाटलं, दुःखानं. दुःख होतंच. पण दर सकाळी त्यांना वाटायचं की हा आता जाणार, पुन्हा वाळूखाली जाणार आणि कोणालाही दिसणार नाही. दहाव्याच्या दिवशी सगळे घाटाच्या तयारीत असताना त्यांनी सदतीस नंबरचं खोकं उघडलं. त्यात तेवढ्याच लांबीचा एक साधा गोटा होता, सुरुवातीच्या काळात चुकून ठेवलेला. कफनाच्या तुकड्यात तो बांधला आणि जीवखडा त्याच्या जागी कापसात ठेवला. पाच मिनिटांचं काम होतं.

घाटावर पिंड मांडला. सुगंधाबाईंना आवडायचे म्हणून लाखोळीच्या डाळीचे वडे ठेवले. कावळे होते, समोरच्या कडुलिंबावर बसले होते. एकही खाली आला नाही. अकरा वाजले, बारा वाजले. गुणवंतराव पुढं होऊन म्हणाले, बाई, भावजीले मी अंतर देनार नाई. कावळा जागचा हलला नाही. प्रफुल म्हणाला, आई, बाबाले मी संग नेतो. नाही. मग तो वाळूत गुडघे टेकून म्हणाला, आई, माहं चुकलं, मी लवकर नाई आलो. तेव्हा झाडावरचे कावळे उठले आणि नदीपलीकडं निघून गेले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सदतीस नंबरचा गोटा नदीत गेला.

“मले ठाऊक होतं कावळा काऊन शिवून नाई राह्यला. ती तिथी नवतीच. ती घरी होती, मीटरच्या खोक्यात. घर पाच मिनिटांवर होतं, सर. पळत जाऊन आनला असता. पन चार लोकांत काय सांगू? बायकोचा जीवखडा चोरला म्हनून सांगू?”

प्रफुल तेरवी करून गेला, तो परत आला नाही. आईनं माफ केलं नाही, असं त्यानं धरून ठेवलं. लहानूभाऊंनी दगडाला तीनशे अकरा नंबर दिला, त्या नंबराच्या खोक्यात ठेवला आणि थोड्याच दिवसांत काढून पुन्हा कोनाड्यात आणला. जीव सुटला नाही म्हणजे दहा दिवस संपलेच नाहीत, असा त्यांचा हिशेब. म्हणून पाच वर्षं रोज पणती, रोज पाणी. आणि रविवारी प्रफुलचा फोन झाला की तो काय बोलला ते सगळं त्या दगडाला सांगायचं.

मी कावळ्याला मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो, आजही मानत नाही. दुपारच्या उन्हात घाटावर माणसांची गर्दी असेल तर कोणता कावळा खाली येईल? पण माझ्या मानण्या-न मानण्याला इथं विचारतं कोण? प्रफुल मानत होता.

त्या दिवशी मी एक लाजिरवाणी गोष्ट बोललो, तीही सांगून टाकतो. म्हटलं, “लहानूभाऊ, दगड मला द्या. आपण नदीत दुसरा एखादा सोडू. विधी झाला, संग्रहही पूर्ण झाला. कोणाला कळणार आहे?”

“एकडाव बदलला, सर. पुन्हा बदलू?”

मग त्यांनी मला त्यांच्या नोकरीतली गोष्ट सांगितली. तारेवर काम करायचं तर आधी लाइन बंद करून परवानगीचा कागद घ्यायचा. त्याला लाइन क्लियर म्हणतात. काम झालं की ज्याच्या नावावर कागद आहे त्यानंच जाऊन तो परत द्यायचा. साहेब आला, मंत्री आला, तरी त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला लाइन चालू करता येत नाही, कारण तारेवर कोण चढलेलं आहे हे फक्त त्यालाच ठाऊक असतं.

“लाइन क्लियर माह्या नावावर आहे. मी परत दिल्याबिगर काई चालू होत नाई.”

“मग द्या ना परत. पाच वर्षं काय करून राह्यले?”

“देन्यासाठी प्रफुल पायजे. आगीचा मान त्याचा, दगड सोडाचा मानही त्याचा. त्याले बोलवाचं तर सांगा लागन. आन सांगितलं तर रविवारचा फोन बी जाईन, सर. माह्याजवळ तेवढंच आहे.”

मला तेव्हा कळलं की दगड कॉलेजला द्यायची बातमी यांनीच का पसरवली. आपल्याला काही झालं तर त्या कोनाड्यातल्या दगडाचं काय करायचं, हे कोणाला तरी माहीत असावं, एवढ्यासाठी त्यांनी चारशे दगड द्यायला काढले होते. मी हे विचारलं. ते हो म्हणाले. “तुमी शिकलेले. मी गेल्यावर तुमी प्रफुलले सांगान, असं वाटलं.”

माझा ताबा सुटला. “मी नाई सांगनार. तुम्ही गेल्यावर ऐकून तो कोणावर रागावनार? तुमच्या फोटोवर? पोरगं पाच वर्षं स्वतःले दोष देऊन राह्यलं, आन तुम्ही एका फोनसाठी त्याले तसंच ठेवून राह्यले. ही चोरी दगडापेक्षा मोठी आहे.” वयानं वीस वर्षं मोठ्या माणसाला मी असं बोललो. ते उठून आत गेले. मी मोटरसायकल काढून निघून आलो आणि वाटभर स्वतःला शिव्या दिल्या.

रविवारी दुपारी त्यांचा मला फोन आला. “सातच्या आंदी येता का? नुसते बसा.”

मी जाऊन नुसता बसलो. सातला फोन वाजला. जेवला का, थंडी आहे का, असं आधी चाललं होतं. मग लहानूभाऊंनी फोन उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि सगळं सांगितलं, मडकं फुटल्यापासून. एकही शब्द गाळला नाही. एकदाही माफ कर म्हणाले नाहीत. सांगून झाल्यावर फोन कानाला तसाच धरून ठेवला. थोड्या वेळानं त्यांनी फोन खाली ठेवला.

“काय म्हणाला?”

“मंगळवारी येतो म्हने.”

सोमवारी त्यांनी दगड रिठ्याच्या पाण्यानं धुतला. पाच वर्षांचं तेल निघालं आणि खालचा तांबूस रंग वर आला. मला म्हणाले, चित्र काढून घ्या. मी कागदावर दगड ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली, दोन्ही बाजूंचे टवके काढले, मापं घेतली, फोटो घेतले. त्या दिवशी दगड पहिल्यांदा माझ्या हातात आला. अंगठा आपोआप त्या खळग्यात जाऊन बसला. खोटं कशाला बोलू, घेऊन पळून जावंसं वाटलं.

मंगळवारी प्रफुल सकाळच्या बसनं आला. पस्तिशीचा, बापासारखाच काटक. बापाच्या पाया पडला नाही, घरात पाणीही प्यायला नाही. आम्ही तिघं घाटावर गेलो. पिंड नाही, भटजी नाही. कावळे दोन-तीन होते, ते आपल्या कामात होते. त्यांच्याकडं कोणी पाहिलंही नाही.

प्रफुलनं फडकं सोडलं. “हाच?”

“हाच,” लहानूभाऊ म्हणाले.

त्यानं दगड हातात घेतला. त्याचाही अंगठा खळग्यात गेला. तो तसाच उभा राहिला आणि मग त्याचा चेहरा एकदम फिरला, रडायला लागल्यावर लहान मुलाचा फिरतो तसा. पाणी गुडघाभर होतं. तो आत गेला आणि दगड फेकला नाही. वाकून, हात कोपरापर्यंत पाण्यात घालून, त्यानं तो तळाला नीट ठेवला. त्या वेळी बाप मुलाकडं पाहत होता. आणि मी, ज्यानं या माणसाला चोर म्हटलं, मी किनाऱ्यावरचा एक खडक आणि पलीकडचं झाड यांची रेघ धरून दगड नेमका कुठं ठेवला ते मनात टिपून घेत होतो. माझाही डोळा दगडावरच होता.

बसथांब्यावर लहानूभाऊंनी डबा पुढं केला. लाखोळीचे वडे, पहाटे उठून केलेले. प्रफुलनं घेतला नाही. मला म्हणाला, “सर, माह्या घरी आईचा फोटो नाई. लावला होता, काढून ठेवला. तिच्याकडं पाहाची हिंमत नवती होत.” मग बापाला म्हणाला, “पाच साल, बाबा. एक फोन लागत होता.” बस आली आणि तो गेला. डबा घेऊन आम्ही परत आलो. वडे गार झाले होते. दोघांनी मिळून खाल्ले.

त्याच्या पुढच्या रविवारी कॉलेजची गाडी घेऊन मी खोकी न्यायला गेलो. ड्रायव्हर आणि मी मिळून भरत होतो. फळ्या रिकाम्या होत गेल्या तशी खोली मोठी दिसायला लागली. शेवटी लहानूभाऊंनी नोंदवही मागितली. तीनशे अकराच्या नोंदीत जागेच्या रकान्यात लिहिलं: ‘घाट, वैनगंगा. जवळ खांब नाही.’ शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘लाइन क्लियर परत दिली.’ खाली सही केली आणि वही माझ्या हातात दिली. तीनशे अकराचं रिकामं खोकंही त्यांनी इतर खोक्यांवर नीट ठेवून दिलं. आज आमच्या संग्रहात त्या नंबरासमोर मी काढलेलं चित्र आहे. पाहुणे विचारतात, खरा दगड कुठं आहे. मी सांगत नाही. एप्रिलमध्ये घाटाचं पाणी उतरतं आणि तळ उघडा पडतो. त्या महिन्यात मी घाटाकडं फिरकत नाही.

गाडी भरून झाली तेव्हा सात वाजायला आले होते. ड्रायव्हर घाई करत होता, पण मी बसून राहिलो. फोन खाटेवर ठेवला होता. सात वाजले. सव्वासात झाले. मी म्हणालो, “नेटवर्क नसन.”

“नेटवर्क आहे, सर. तीन कांड्या दिसून राह्यल्या.”

साडेसातला ते म्हणाले, “नाई करनार तो.” मग म्हणाले, “पन आता त्याले झोप लागत असन. फोटो लावला असन भिंतीवर.”

ते उठले, माठातून पेलाभर पाणी घेतलं आणि रोजच्यासारखे सपरीत कोनाड्याशी गेले. कोनाडा रिकामा होता. पेला हातात घेऊन ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग ते पाणी स्वतःच प्यायले.